चौथ्या टाकीतली गोडी

१

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळचे सात चाळीस. बाळापूरपासून सात किलोमीटरवर असलेल्या गावंडे यांच्या द्राक्षमळ्यात चार नंबरच्या टाकीचा नळ उघडण्यात आला. पेल्यात वाइन आली. ती गोड नव्हती.

ती गोडच असायला हवी होती. मार्च संपेपर्यंत वेलीवर राखलेल्या, उन्हाने सुरकुतून मनुक्यासारख्या झालेल्या पांढऱ्या द्राक्षांची ती वाइन होती. एकूण दोनशे सत्तर लिटर. इथली वाइन बनवणारी आकांक्षा गावंडे, वय चौतीस, हिची पहिली दोन वर्षे वाया गेली होती. तिसऱ्या वर्षी ती जमली. २० सप्टेंबरला तिने स्वतः मोजली तेव्हा लिटरमागे एकशे दहा ग्रॅम साखर भरली होती. मंगळवारी तीन ग्रॅमही भरली नाही.

पेला साधना काळमेघ यांच्या हातात होता. त्या अमरावतीच्या. बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनांशिवाय आणि चंद्राच्या गतीप्रमाणे केल्या जाणाऱ्या, शेतीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या तपासनीस, त्याआधी वीस वर्षे रसायनशास्त्राच्या शिक्षिका. वार्षिक तपासणीसाठी त्या सकाळीच पोहोचल्या होत्या.

"ही कोरडी आहे, बिनसाखरेची," त्या म्हणाल्या.

आकांक्षाने घोट घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. मग ती टाकीकडे वळली. खोलीत एकाच मापाच्या पाच स्टीलच्या टाक्या होत्या, चाकांवर बसवलेल्या. प्रत्येकीच्या झाकणाला तारेने पाटी अडकवलेली, पाटीवर खडूने आकडा. एक आणि तीनमध्ये लाल वाइन, पाच रिकामी. दोन नंबरमधली पांढरी कोरडी वाइन ८ नोव्हेंबरला बाटल्यांत भरून झाली होती. चारमध्ये गोड. पाटीवर चारच लिहिले होते.

मोठा भाऊ विपुल दारात उभा होता. विक्रीचे काम तो पाहतो.

"चाव्या दोनच आहेत," तो म्हणाला. "एक बाबांच्या कपाटात. दुसरी डोमाजीच्या कमरेला. कुलूप साबूत आहे. राहिलं कोण?"

"दादा, डोमाजीकाका असं करतील का?"

"काल विचारलं असतं तर मीही नाहीच म्हणलो असतो. अकोल्याचा तो हॉटेलवाला दोनदा येऊन गेला ना गोड वाइन मागत? आपण नाही म्हणलो. कोणीतरी हो म्हणलं असेल." त्याने घड्याळ पाहिले. "बारा वाजेपर्यंत थांबतो. मग ठाण्यात जातो. तक्रारीत एकच नाव राहील."

डोमाजी सिरसाट, वय एकसष्ट. एकोणीस वर्षांपासून मळ्यावर. साडेसातला त्यांनी या खोलीचे कुलूप उघडून दिले होते आणि ते गोठ्याकडे निघून गेले होते. आपले नाव कागदावर चढणार आहे हे त्यांना अजून माहीत नव्हते.

साधना काळमेघ नळ बंद करायला खाली वाकल्या. टाकीच्या चाकाच्या बेचक्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली होती. त्यांनी ती काढली आणि वहीच्या पानात ठेवली.

२

आकांक्षा-विपुलचे वडील खुशालराव गावंडे काठी टेकत आले तेव्हा त्यांच्याकडे एक आशा होती. मळा त्यांनी लावला, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आजूबाजूला सगळा कापूस आणि सोयाबीन असताना.

"थंडी कमी पडली असंन," ते म्हणाले. "यीस्ट जागी झाली, अन् साखर खाऊन बसली. होते असं. चोरी नाही न बिरी नाही."

"होतं असं," साधना काळमेघ म्हणाल्या. "पण साखर गायब होत नाही, काका. तिचा मद्यार्क होतो. गोड वाइनमध्ये मद्यार्क किती होता, आकांक्षा?"

"अकरा टक्के."

"एकशे दहा ग्रॅम साखर सगळी खाल्ली गेली असती तर तो सतराच्या आसपास गेला असता."

त्यांनी नमुना आकांक्षाच्या, वाइन उकळून मद्यार्क मोजणाऱ्या उपकरणात घातला, खालचा दिवा लावला. चौघेही काट्याकडे पाहत होते. काटा साडेबारावर थांबला. पुन्हा मोजले. साडेबारा.

"पाणी घातलं असंन," खुशालराव म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

"पाण्याने मद्यार्क वाढत नाही. काका, तुमची गोड वाइन बिघडलेली नाही. या टाकीत ती नाहीच. ही दुसरीच वाइन आहे."

विपुल म्हणाला, "मग मी काय बोलून राहिलो सकाळपासून?"

३

डोमाजी गोठ्यात होते. साधना काळमेघ आल्या तेव्हा त्यांनी घमेले खाली ठेवले आणि धोतराला हात पुसले.

"कळलं का तुम्हाला?"

"कळलं जी. मैनाबाईनं सांगतलं. घरच्या कोनी नाही सांगतलं."

"चावी कोणाला देता कधी?"

"आंघोळीलेच काढतो. तेही खुटीवर, डोयासमोर."

"वीस सप्टेंबरनंतर मळा सोडून कुठे गेला होता?"

"दसऱ्याले नागपूरले गेल्तो. दीक्षाभूमीवर. दरसाल जातो, तीन दिवस. चावी माह्यासंगच होती."

"आणि आठ तारखेला, बाटल्या भरल्या तेव्हा?"

"शिंगं गाडत होतो जी, वरच्या टोकाले. गाईचं शेन भरून शिंगं गाडतो आमी खतासाठी, उन्हाया लागायच्या आंधी काढतो. यंदा एकशे वीस होती. आकांक्षाताईच्या चंद्राच्या पंचांगात दोन्ही कामं एकाच दिवशी आली. थे पंचांग काही माह्या कमरेचं इचारत नाही." ते स्वतःशीच थोडे हसले. "त्या दिवशी खोलीकडे फिरकलोच नाही. ताई बी नव्हती. डेंगू झाल्ता तिले, अकोल्याले भरती होती. विपुलभाऊनंच भरल्या बाटल्या."

साधना काळमेघ यांनी वही मिटली. "डोमाजी, वाइन तुम्ही घेतली का?"

म्हाताऱ्याने सरळ त्यांच्याकडे पाहिले.

"मॅडम, सकायपासून हे इचारणाऱ्या तुमी पयल्या. नाही घेतली." त्यांनी घमेले पुन्हा उचलले: "बायको फोनवर म्हनते, उठा, चाला घरी, अशा ठिकानी थांबू नोका. म्या म्हनलं, आता उठून गेलो तं चोर म्हनूनच गेलो. बारा वाजेलोक अठीच बसतो."

साडेनऊ वाजले होते.

४

बाटल्या भरायचे टेबल खोलीच्या बाहेर, पत्र्याच्या छपरीत होते. त्याच्या मागच्या पायापासून भिंतीतल्या फटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मळ्यावर कामाला असलेली मैनाबाई फडक्याने ती पुसत होती.

"पुसून काई फायदा नाही," ती म्हणाली. "दहा दिवस झाले, रोज पुसतो. बाटल्या भरल्या तवापासून लागल्या. टेबल तीनदा धुतलं, खालची माती बी खरडली."

"मागच्या वर्षी लागल्या होत्या?"

"नाही वो बाई. मागच्या साली मुंगी काय, माशीबी नाही आली. यंदा काय वास लागला त्याईले कोनाले माहीत."

विपुल छपरीच्या टोकाला फोनवर बोलत होता. फोन ठेवल्यावर साधना काळमेघ यांनी त्याला आठ तारखेबद्दल विचारले. हा विषय त्याच्या आवडीचा नव्हता.

"आकांक्षा दवाखान्यात. बाबा म्हणे, राहू दे पुढच्या महिन्यात भरू. पण हिच्या पंचांगात चंद्र उतरणीला असतानाच भरायची, नाहीतर गाळ वर येते म्हणे. ती सलाइन लावून मला फोनवर सांगून राहिली, दादा, आजच भर, दोन नंबरची भर. म्हणलं भरतो. तीन तासांचं काम, सकाळी आठला बसलो तं दिवस मावळला. गाळणीच्या चकत्या चोंदल्या. तीन वेळा बदलल्या, दर वेळी सगळी पुन्हा पहिल्यापासून गाळली. शेवटी कशीबशी झाली."

"किती बाटल्या?"

"तीनशे साठ. बारा-बाराचे तीस खोके. दोनशे सत्तर लिटर, थेंब इकडे नाही न तिकडे नाही. बारा तारखेला अमरावतीच्या गोदामात पाठवले. लेबलं छापून यायची आहेत, म्हणून एकही विकली नाही."

"चव कशी होती?"

विपुलने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी त्याला मासे खातोस का म्हणून विचारले. मागून खुशालरावांचा आवाज आला.

"त्याले काय इचारता? लहानपनी माह्या बापासंग मोझरीच्या आश्रमातल्या प्रार्थनेले जाये, तवापासून थेंब नाही घेतला त्यानं. वाइन विकते, पन जिभेले लावत नाही. आमच्या घरात हा एकटाच कायम शुद्धीवर असते."

"बाबा, तुमचं आपलं काहीतरीच," विपुल म्हणाला.

साधना काळमेघ हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या पायाकडे पाहिले, मग वहीत दोन आकडे लिहिले. दोन्ही आकडे सारखेच होते.

५

अकरा वाजून दहा मिनिटे. सगळे स्वयंपाकघराबाहेरच्या ओसरीत बसले होते. आत दुर्गाबाई, खुशालरावांची पत्नी, भाकरी थापत होत्या. डोमाजींना बोलावले होते. ते पायरीवर बसले. विपुल गाडीची किल्ली हातात वाजवत होता.

"मला एक हिशेब समजावून सांगा," साधना काळमेघ म्हणाल्या. "यंदा मळ्यावर पांढरी कोरडी वाइन किती झाली?"

"दोनशे सत्तर लिटर," आकांक्षा म्हणाली. "एकच टाकी."

"ती कुठे आहे?"

"अमरावतीला," विपुल म्हणाला. "तीस खोके."

"बरं. आता सकाळी चार नंबरच्या टाकीत काय निघालं? मद्यार्क साडेबारा, साखर नाही. आकांक्षा, तुमच्या कोरड्या वाइनचा मद्यार्क किती?"

आकांक्षाने आपली नोंदवही उघडून पाहिली. मग ती म्हणाली, "साडेबारा."

"चव?"

"तीच. मी सकाळपासून स्वतःला सांगून राहिली की असं असू शकत नाही."

"म्हणजे कोरडी वाइन इथे दोनशे सत्तर लिटर आहे आणि अमरावतीला दोनशे सत्तर. यंदा झाली एकदाच, पण मोजली गेली दोनदा. आणि गोड एकदाही मोजली गेली नाही. चोराने गोड नेली आणि तिच्या जागी कोरडी भरली म्हणता. ठीक. मग त्याने ती कोरडी आणली कुठून? बाळापुरात तर काही ती मिळत नाही."

विपुलच्या हातातली किल्ली वाजायची थांबली.

"दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी कोरडी नाही. इथली मी चाखली आहे. अमरावतीची कोणी चाखली?"

साधना काळमेघ यांनी वही उघडली.

"गोड वाइन दाट असते. तिच्यात गाळणीच्या चकत्या चोंदतात, तीन तासांच्या कामाला दिवस जातो. आणि सांडली की मुंग्या येतात. कोरडीला मुंगी हुंगूनही पाहत नाही. मैनाबाई मागच्या वर्षीचं सांगते आहे, तेही ऐकून घ्या." त्या विपुलकडे वळल्या. "गोदामात आत्ता कोण आहे?"

"दामिनी," तो म्हणाला. दामिनी त्याची बायको. अमरावतीचे गोदाम तीच सांभाळते.

"लावा फोन. स्पीकरवर."

फोन तिसऱ्या वेळी उचलला गेला.

"दामिनी, एक खोका उघड," विपुल म्हणाला. "त्यातली एक बाटली उघड अन् चाखून पाहा."

"काय?"

"चाखून पाहा म्हणलं."

"अहो, तुमची तब्येत बरी आहे ना? अकरा वाजता, दिवसाढवळ्या, तुम्ही मला सांगून राहिले प्यायला? थांबा, आधी मी हे रेकॉर्ड करते."

"दामिनी!"

"उघडते, उघडते."

ओसरीत सगळे फोनकडे पाहत होते. तिकडून खोक्याची पट्टी फाटल्याचा आवाज आला, मग बूच निघाल्याचा. डोमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अहो," दामिनी म्हणाली. "ही कोरडी म्हणून पाठवली ना तुम्ही?"

"हो."

"ही तर पिकल्या सीताफळाच्या गरासारखी गोड आहे."

६

आणखी दोन खोक्यांतून एकेक बाटली उघडायला लावली. दोन्ही गोड. तिसरीनंतर दामिनीने विचारले की उरलेले घोटही संपवायचे का, पुराव्यासाठी. विपुलने फोन ठेवला आणि तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. आकांक्षा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

"तीनदा गाळली आहेस तू, दादा," ती म्हणाली. "मी असते तर एकदा गाळली असती. बाटलीत पुन्हा आंबायची भीती होती, तीही गेली. शिव्या देत देत माझी वाइन वाचवलीस."

"पण मी दोनचीच भरली ना? पाटी पाहून भरली."

"पाटी पाहून भरली, ते खरं आहे," साधना काळमेघ म्हणाल्या. त्यांनी वहीतून झेंडूची पाकळी काढून ओसरीच्या फरशीवर ठेवली. "ही मला आज टाकीच्या चाकात सापडली. चाक फिरल्याशिवाय पाकळी अशी आत जात नाही. दुर्गाबाई, दसऱ्याला अवजारांची पूजा कोण करतं?"

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. दुर्गाबाई दारात आल्या. हाताला पीठ तसेच होते.

"मीच करतो," त्या म्हणाल्या. "दरसाल ट्रॅक्टर, फवारे, विळे, मोटार. यंदा म्हनलं त्या टाक्या काहून राहू द्याव? त्याच तं पोसतात आता. आकांक्षा नाशिकले गेल्ती प्रदर्शनाले. यांच्या कपाटातून चावी घेतली."

"आई!"

"ओरडू नोको. मी अन् मैनाबाईनं ढकलत ढकलत टाक्या भायेर काढल्या, फरशी धुतली, टाक्या पुसल्या, हार घातले. धूळ बसलेल्या टाकीले कुंकू लावू काय? पाट्या काढून ठेवल्या होत्या, ओल्या होऊन आकडे पुसतीन म्हनून. मंग परत लावल्या."

"कोणत्या टाकीला कोणती लावली, कसं ठरवलं?"

दुर्गाबाईंनी विचार केला. "ज्या हाती लागल्या तशा. साऱ्या टाक्या सारख्याच तं दिसतात."

"सकाळपासून का नाही सांगितलंस?" विपुल म्हणाला.

"मले कोनी इचारलं? तुमी चोर शोधत होते. मी का चोर हाव?"

साधना काळमेघ यांना एकच गोष्ट पक्की करायची होती. त्या डोमाजींना घेऊन खोलीत गेल्या, बाकीचे मागोमाग. त्यांनी विचारले, गोड वाइन ज्या टाकीत भरली ती टाकी दाखवा. डोमाजींनी पाट्यांकडे पाहिले नाही. ते वाकले, एकेका टाकीच्या पायापाशी हात फिरवत गेले आणि भिंतीकडच्या टाकीपाशी थांबले. स्टीलला तिथे अंगठ्याएवढा पोचा होता.

"हे. ट्रकमधून उतरवतानी माह्याच हातून निसटली होती. भाऊ लै बोलले होते तवा. मी पाट्या नाही पाहत जी, पोचा पाहतो."

टाकी रिकामी होती. तिच्या झाकणावर दोनची पाटी होती.

"म्हणजे काकांना कोणी खोलीत आणून एवढं विचारलं असतं," आकांक्षा म्हणाली, "तर सकाळी आठलाच—" ती थांबली.

बारा वाजायला चार मिनिटे कमी होती.

७

साधना काळमेघ यांनी अहवाल तिथेच पूर्ण केला. गोड वाइन, तीनशे साठ बाटल्या, पैकी तीन तपासणीसाठी उघडल्या. बाकीच्या बाळापूरला परत आणून थंड ठेवाव्यात. कोरडी वाइन टाकीत सुरक्षित. प्रमाणपत्राला अडचण नाही. एकच सूचना: टाक्यांवर आकडे रंगाने लिहावेत. खुशालरावांनी ती वाचली आणि ते म्हणाले, रंगाने लिहा, पन पुढच्या दसऱ्याले हिले रंगाचा डबा देऊ नोका. दुर्गाबाईंनी त्यांना भाकरी वाढली नाही, निदान पहिली तरी.

जेवायला डोमाजींना ओसरीत बसवले होते. मैनाबाईने वांग्याची भाजी वाढली. त्यांची बायको निरोप मिळाल्यावर गावातून आली होती आणि पदर तोंडाला लावून मोठ्याने हसत होती. सकाळपासून तिने पाणीही घेतले नव्हते. आकांक्षाने ठेवणीतली एक बाटली आणली, २० सप्टेंबरला नमुना म्हणून काढलेली. डोमाजींनी अर्धा पेला घेतला. बरी झाली आहे, म्हणाले.

विपुल सगळ्यात शेवटी आला. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"डोमाजीकाका," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काका म्हटले. "माफ करा. माझं चुकलं."

"राहू दे गा. माफीगिफी कायले." डोमाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "वाइन सापडली, माह्यं नाव ठाण्यात नाही गेलं. मले लै हलकं वाटून राहिलं, खरंच सांगतो. सकायी छातीत असं झाल्तं का हा दिवस निंगतच नाही." त्यांनी तुकडा भाजीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. "फक्त एक सांग. दुसरी चावी तुह्या बापाच्या कपाटात होती. बाटल्या तूच भरल्या. खोलीत माह्यापेक्षा जास्त येजा तुह्या बहिनीची. मंग सकायी तुह्या तोंडात पयलं नाव माह्यंच काहून आलं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. विचारल्यावर ते जेवू लागले.

खुशालराव पेला खाली ठेवून ऐकत होते; दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. विपुल म्हणाला, "विचार करून सांगतो."

"सांग," डोमाजी म्हणाले. "घाई नाही."

बुधवारी अमरावतीहून एकोणतीस खोके आणि नऊ बाटल्यांचा एक, असे सगळे परत आले. गुरुवारी टाक्यांवर निळ्या रंगाने आकडे लिहिले गेले. डोमाजी रोज साडेसहाला कामावर येतात, विपुल त्यांना काका म्हणतो, आणि दोघे एकमेकांशी पावसाबद्दल, शिंगांबद्दल, खोक्यांबद्दल बोलतात. शुक्रवार, २१ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत विपुलने त्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नव्हते.